काकूचं टपाल

प्रेमपत्र कसं लिहावं, हे आम्हा भावंडांना हर्णेच्या घरात दोन गोष्टींनी शिकवलं: मोठ्या काकूच्या कादंबऱ्यांनी आणि मोठ्या काकांच्या टपालाने. काकू हर्णेला, काका मुंबईत बेस्टमध्ये कारकून. लग्न 1961 सालचं. काका निवृत्त होऊन गावी येईपर्यंत दोघांचा संसार गणपती, शिमगा, मे महिन्यातली रजा आणि मधल्या दिवसांतलं टपाल एवढ्यावर झाला. त्यात नवल काहीच नव्हतं. कोकणात घरोघरी हाच प्रकार. बापे मुंबईला, बायका वाडी, गोठा आणि सासूसासरे सांभाळत गावी, आणि दोघांच्या मधे पोस्टमन. त्याच्या पिशवीतल्या मनीऑर्डरीवर आजवर पुष्कळ बोललं गेलं. मनीऑर्डरीच्या फॉर्मला तळाशी मजकुरासाठी चार बोटं जागा असे. तिथे माणसं काय लिहीत, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

काकू मूळची गिरगावची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखेतून पुस्तकं आणायची आणि जिन्यात बसून वाचून संपवायची, असं तिचं माहेरपण. गिरगावची मुलगी हर्णेला आली आणि हर्णेचा मुलगा गिरगावातल्या चाळीत, पाचसहा चाकरमान्यांच्या सामाईक खोलीत राहून खाणावळीत जेवत राहिला. हे उलटंपालटं तिने कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण सांगताना दर वेळी हसली.

ती आली बोटीने. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट बंदरं घेत घेत दक्षिणेला जायची. हर्णेला बोट धक्क्याला लागत नसे. सुवर्णदुर्गाच्या आसपास खोल पाण्यात ती थांबायची आणि उतारू पडावात उतरायचे. नव्या नवरीबरोबर एक ट्रंक होती. ती पडावात घेताना खलाशाने विचारलं, "मुंबईचे दगड आणलेत काय?" ट्रंकेत फडके, खांडेकर, विभावरी शिरूरकर आणि वामन मल्हार होते. साड्या वेगळ्या गाठोड्यात. सासरी पहिल्याच दिवशी गाठोडं हसण्यावारी गेलं आणि ट्रंक चर्चेला पुरली.

'रोहिदास', 'चंद्रावती' ही बोटींची नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. आजीला मात्र बोटीची धास्ती होती. 17 जुलै 1947 ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हापासूनची. त्यामुळे मुंबईला गेलेल्या माणसाने पोचल्याबरोबर पोचल्याचं कार्ड टाकायचं, हा घरचा कायदा. काकांची अण्णांना, म्हणजे आमच्या आजोबांना, येणारी ही कार्डं एकसारखी: "श्री. ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि. सुखरूप पोचलो. बोट वेळेवर होती. वाऱ्याचा त्रास झाला नाही. घरात सर्वांस यथायोग्य सांगावे. लो. अ." कार्ड उघडं, पोस्टमनपासून शेजारच्या घरापर्यंत सगळ्यांनी वाचायचं. "घरात सर्वांस" या दोन शब्दांत काकू किती आणि बाकीचे किती, हे तिचं तिने ठरवायचं.

पुढे काका इनलँड लिहू लागले आणि थोडा आडोसा मिळाला. पण काकांनी काकूच्या नावाने स्वतंत्र इनलँड टाकलं, तर दारात हाक मोठ्याने पडायची आणि अख्खी आळी कान टवकारायची. म्हणून मोठी पत्रं अण्णांच्या नावानेच येत. सुपारीच्या भावापासून कुळांच्या भांडणापर्यंत सगळा मजकूर अण्णांसाठी, आणि शेवटी घडीच्या पट्टीवर आडवी एक ओळ काकूसाठी. अण्णा पत्र वाचून झालं की ती पट्टी वर येईल अशी घडी घालून इनलँड खिडकीत ठेवत. घरात कुणी कुणाशी याबद्दल अवाक्षर बोलत नसे.

पावसाळ्यात या इनलँडचा आणखी एक खेळ. हर्णेच्या हवेत त्याचा डिंक आपोआप धरायचा. पोस्टातून आणलेली कोरी इनलँडं फडताळात आठवडाभर राहिली की बंदच होऊन बसत. ती वाफेवर धरून उकलायची, लिहायची आणि मग भाताच्या शिताने चिकटवायची. काकूच्या पावसाळी पत्रांना कडेला शितांचे डाग असत. काका म्हणायचे, पत्र उघडायच्या आधीच घरी भात झाल्याचं कळतं.

खरी गंमत बुकपोस्टाची. काका काकूला पुस्तकं बुकपोस्टाने पाठवायचे. त्याला दर कमी, पण अटी कडक: पुडकं टोकांना उघडं हवं आणि आत खासगी मजकूर नको. काका नियमाने चालणारे. त्यांनी मजकूर घातला नाहीच. खांडेकरांच्या 'ययाती'च्या प्रतीत त्यांनी शिसपेन्सिलीने काही अक्षरांखाली बारीक टिंबं दिली. पहिल्या पानावर एक, तिसऱ्यावर दोन, मधे दहा पानं कोरी, मग पुन्हा तीन. टिंबाची अक्षरं जोडत गेलं की वाक्य व्हायचं.

अडचण एकच. घरात आलेलं पुस्तक आधी अण्णांनी वाचायचं, असा रिवाज होता. अण्णा ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून, चष्मा कपाळावर सारून, पुस्तक नाकाशी धरून वाचत. त्यांनी टिंबं पाहिली. किती जोडली, ते त्यांनाच ठाऊक. पुस्तक मिटून त्यांनी आजीला हाक मारली आणि म्हणाले, "हे सूनबाईला दे. मला आताशा बारीक टाइप दिसत नाही." त्या दिवसापासून पुडकं फोडायचा मान काकूकडे गेला. 'केसरी'चा त्याहून बारीक टाइप अण्णांना पुढे कितीतरी वर्षं बिनतक्रार दिसत होता. अण्णा गेल्यानंतर काकूने हे आम्हाला सांगितलं, आणि तोवर आम्ही ज्यांना कडक समजत होतो ते अण्णा आम्हाला नव्याने कळले.

घरात सर्वांत जास्त वाचले गेले ते श्री. ना. पेंडसे. ते आमच्याच बाजूचे, आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे, आणि नोकरीला काकांच्याच बेस्टमध्ये. या दोन नात्यांमुळे आमचे मोठे त्यांना घरचा माणूस समजून टीका करत. 'गारंबीचा बापू' 1952 चं. त्यातला व्याघ्रेश्वर आसूदचा, आम्ही चालत जाऊन आलेला. बापू आणि राधा यांच्याबद्दल आजी म्हणायची, "अशी माणसं असतात, पण ती लिहायची कशाला?" काकू म्हणायची, "असतात म्हणूनच." 'रथचक्र' आलं तेव्हा तर जुंपलीच. नवरा घर सोडून निघून गेल्यावर एकटीने मुलांच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या कोकणातल्या बाईची ती गोष्ट. 1963 साली तिला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं म्हणून काकांनी कौतुकाने पाठवली. काकूने उलट टपाली लिहिलं, "नवरा निघून गेलेल्या बाईची कादंबरी मिळाली. सूचना समजली." काका पुढच्या शनिवारची रजा टाकून येऊन दाखल. आमच्या घरात साहित्य अकादमीचा एवढा तातडीचा परिणाम त्यानंतर झालेला नाही.

काकूला अक्षर होतं. त्यामुळे दुपारची आवराआवर झाली की पडवीत पत्रं लिहून घ्यायला बायका येत. मोहल्ल्यातल्या, ज्यांचे नवरे बोटीवर किंवा कुवेतला. पाजपंढरीच्या कोळणी, ज्यांची मुलं मुंबईला ससून डॉकवर. काही मासळीच्या लिलावावरून थेट येत, टोपली पायरीशी ठेवून. काकूचा नियम असा: लिहिणाराने आपली अक्कल घालायची नाही, सांगतील ते आणि तसंच लिहायचं.

एकदा एकजण मुंबईला गोदीत असलेल्या नवऱ्याला पत्र सांगत होती. पाऊस तोंडावर आलाय. कौलं परतायला माणूस मिळत नाही. गळतं ते नेमकं तुमच्या खाटेवर. खाट हलवली नाही, खाली पातेलं ठेवलंय. मग ती थांबली. आमची थोरली ताई तेव्हा नुकतीच फडके वाचून तयार झालेली. ती मधेच म्हणाली, "आता लिहूया ना, की तुमची फार आठवण येते?" त्या बाईने ताईकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "मग मघापासून मी काय सांगतेय?" नवरा पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने आला की नाही, ते आता कुणाला आठवत नाही. ते वाक्य मात्र आमच्या घरात म्हण होऊन बसलं. कुणी उगाच लांबण लावली की दुसरा म्हणतो, "मग मघापासून मी काय सांगतेय?"

या पडवीत आम्ही पत्र लिहायला शिकलो. त्याआधी काकूने आमच्याकडून साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' वाचून घेतली होती. गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्याच दापोली तालुक्यातले. पुतणी सुधा हिला लिहिलेली ती पत्रं. फुलं, पक्षी, नद्या, देशातल्या घडामोडी, सगळं त्यांत येतं आणि लहान मुलीशी बोलतोय म्हणून आवाज बदललेला नसतो. त्यानंतर मे महिन्यात एका सुट्टीत काकूने वामन मल्हारांची 1934 सालची 'इंदू काळे व सरला भोळे' काढली. अख्खी कादंबरी पत्रांतून सांगता येते, हे कळल्यावर आम्ही चुलत-आते भावंडांनी लगेच आमची कादंबरी सुरू केली. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि दुसऱ्या पात्राला पत्र लिहायचं. टपालपेटी म्हणून बिस्किटांचा डबा माजघरात ठेवला. तिसऱ्या दिवशी नायिकेच्या भूमिकेतल्या ताईने नायकाला इतकं फाडून काढलं की नायक रुसून फणस फोडायला निघून गेला. कादंबरी तिथेच राहिली. काकू म्हणाली, "पहिल्याच पत्रात सगळं सांगून टाकलंत, आता दुसऱ्यात काय लिहिणार?"

वाचायला बंदी अशी काकूने कशालाच घातली नाही. आमच्या दादाने गोठ्यात पेंढ्याखाली चंद्रकांत काकोडकर लपवले होते, ते आजीला सापडले. घरात हलकल्लोळ. काकोडकरांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता, एवढं आजीच्या कानावर होतं. काकूने शांतपणे सांगितलं की 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलंय, तर आपण कोण? मग तिने पेंढ्याखालचं पुस्तक स्वतः वाचलं आणि दादाला परत देताना म्हणाली, "न्यायालयाचं बरोबर आहे. पण यातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, नुसती उसासे टाकतात. तू असं बोलायला लागलास तर मी खटला भरीन."

तशी वेळ आलीच. दादा दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होता आणि मुरुडची एक मुलगी त्याच एस.टी.ने दापोलीला येत असे. साल 1983. 'दुनियादारी' आदल्याच वर्षी आलेली, आणि वपुंचा 'पार्टनर' तर मुलांच्या तोंडपाठ. दादाने सहा पानी पत्र लिहून रफ वहीत ठेवलं. वही काकूच्या हाती लागली. तिने ओरडा केला नाही, कुणाला सांगितलं नाही. लाल रिफिलचं पेन घेतलं आणि पत्र तपासलं. चंद्रतारे कापले. 'तुझे नयन' कापून वर 'डोळे' लिहिलं, मग तेही कापलं. एका लांबलचक वाक्याशेजारी समासात प्रश्न: "कर्ता कोण?" ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वेगळ्या. शेवटी शेरा: "गुण 10 पैकी 4. भेट कुठे, कधी, ते लिहायचं राहिलं." आणि वही होती तिथे परत.

दादा दोन दिवस काकूच्या नजरेला नजर देत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने नवं पत्र लिहिलं. त्यात चारच ओळी. शनिवारी दापोली स्टँडवर, कँटीनजवळच्या बाकावर असेन. तू आलीस तर एका गाडीने जाऊ. नाही आलीस तर पुढच्या दोन गाड्या सोडून तिसरीने जाईन. ती पहिल्या गाडीच्या आधीच आली. आज ती आमची वहिनी आहे. सहा पानी पत्र तिला लग्नानंतर दाखवलं गेलं. ती म्हणाली, "हे आधी आलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं." तपासलेली प्रत तिनेच जपून ठेवली आहे, काकूच्या शेऱ्यासाठी.

काकू स्वतः काय लिहायची, हे आम्हाला त्या काळात कधी दिसलं नाही. पण तिच्या मनात पत्रांबद्दल काय आहे, ते 'कुसुमानिल' घरात आलं तेव्हा थोडं कळलं. पुस्तक 1972 चं. काकांनी ते पोस्टाने न पाठवता स्वतः आणलं. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार. ती अमरावतीची कुसुम जयवंत, तो मूर्तिजापूरचा आत्माराम रावजी देशपांडे, जाती वेगळ्या. 1922 पासूनची पत्रं आणि लग्न 1929 मध्ये, ती लंडनच्या वेस्टफिल्ड कॉलेजातून पदवी घेऊन आल्यावर.

आजीला पहिलं आश्चर्य हे की नवराबायकोची पत्रं कुणी छापतं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणून काकू दुपारी तिला वाचून दाखवायला लागली, आणि आम्ही माजघराच्या उंबऱ्याशी काही काम नसताना बसायला लागलो. आजी आधी "पुरे झालं" म्हणायची. मग "पुढचं वाच" म्हणायला लागली. मुलगी विलायतेला गेली तेव्हा तिला एकच काळजी: "तिकडून पत्र बोटीने यायला किती दिवस लागायचे गो?" 'रामदास'ची धास्ती घेतलेल्या बाईला त्या बोटीची काळजी वाटणं साहजिकच होतं.

अण्णांचं मत पडलं की खासगी ते खासगी, छापू नये. काकू सासऱ्यांना सहसा उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलली. म्हणाली, कुसुमावतींनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा ग्रंथ लिहिलाय, शंभर वर्षांच्या कादंबऱ्या वाचून काढल्यात. 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, बायकांत पहिल्या, आणि त्याच वर्षी गेल्या. अनिल त्याआधी 1958 मध्ये आपल्या मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष. एवढं वाचलेल्या बाईने स्वतःचं पत्र कसं लिहिलं, हे बघायला मिळालं तर बघू नये? अण्णा झोपाळ्याचा पाय थांबवून म्हणाले, "मग वाच. पण दार लोटून."

काकूने त्या पुस्तकातून काय घेतलं, ते ती सांगत नाही. आम्हाला दिसलं ते एवढंच की त्यानंतर तिची पत्रं लहान झाली. इनलँडची तिसरी पट्टी कोरी राहू लागली. काकांनी एकदा विचारलं होतं म्हणे, पोस्टाचे पैसे भरलेत तर जागा का सोडतेस? तिचं उत्तर, "उत्तराला."

तोवर काळ बदलत होता. बोटी कमी होत होत बंद पडल्या. एस.टी. वाढल्या. बाजारात एस.टी.डी.चा पिवळा बूथ आला आणि काका रविवारी रात्री दर कमी झाल्यावर फोन करू लागले. पुढे ते निवृत्त होऊन गावी आले, आणि तीस वर्षं पत्रांवर चाललेला संसार समोरासमोर सुरू झाला. पहिले काही महिने दोघंही अवघडलेली. काका ओटीवर, काकू माजघरात. मग काकांनी वाडीची कामं अंगावर घेतली आणि रात्री एकच पुस्तक दोघांनी आळीपाळीने वाचायचं सुरू झालं. काका पानाला टिंबं द्यायची सवय विसरले नव्हते. आता ती फक्त खुणेसाठी असत, इथवर वाचलं म्हणून. काका गेले तेव्हा त्यांच्या उशाशी अर्धी वाचलेली कादंबरी होती. काकूने ती त्यांच्या खुणेपासून पुढे वाचून संपवली.

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. हर्णे, मुरुड, आंजर्ले, केळशी, सगळीकडे माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या घराची कौलं गेली आणि माळ्यावर पावसाचं पाणी पडलं. टाळेबंदीचे दिवस, मुंबई-पुण्याच्या भावंडांना येता येईना. कित्येक दिवस वीज नव्हती. दापोलीचा दादा पडलेली झाडं ओलांडत घरी पोचला, तेव्हा काकू वेखंड घालून ठेवलेली पुस्तकं अंगणात खाटेवर वाळत घालत होती. काकूची ती जुनी ट्रंकही भिजली होती. तीत काकांची आणि तिची पत्रं होती, रजेवर येताना काका तिची पत्रं परत घेऊन यायचे म्हणून दोन्ही बाजूंची.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. शाईच्या पेनाने लिहिलेली सगळी पत्रं धुऊन निघाली होती. कागद निळे, मजकूर गायब. बॉलपेनची पत्रं मात्र शाबूत. म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतली, जी आम्हाला वाचायची उत्सुकता होती, ती गेली, आणि भात, कौलं, सुपारी, अण्णांचा खोकला, अशी पुढची राहिली. दादा फार हळहळला. काकू म्हणाली, "शाईची गेली ते बरं झालं. त्यांत तुमच्या काकांची विशेषणं होती."

आता काकू पंच्याऐंशीच्या घरात आहे. भिंग घेऊन वाचते. आम्ही भावंडं पांगलो, पण पुस्तकांची पुडकी हर्णेला जात राहतात, आता कुरिअरने. ती नवीनच वाचायचं म्हणते, जुनं तिला पाठ आहे. मेघना पेठेंची 'नातिचरामि' तिने दोनदा वाचली आणि ताईला फोनवर सांगितलं, "ही बाई माझ्या तरुण वयात मला भेटली असती तर मी काकांशी जास्त भांडले असते." कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला 2023 चं साहित्य अकादमी मिळालं म्हणून आम्ही ते पाठवलं. धरणात गाव गेलेला माणूस आणि मागे राहिलेली म्हैस. आम्हाला वाटलं, तिला जड जाईल. तिचा निकाल आला: "ही प्रेमकथाच आहे. म्हशीला पत्र टाकता येत नाही म्हणून तो स्वतः गेला."

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'बद्दल आम्ही बिचकत होतो. 2006 सालची कादंबरी, पुढे जेरी पिंटोंनी इंग्रजीत नेली, सिनेमाही झाला. घरात राहायला आलेल्या भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघांचंही प्रेम बसतं आणि तो निघून जातो. भाऊ त्याला उद्देशून 'तू' म्हणत सगळं सांगत राहतो, बहीण डायरी लिहिते. काकूने पुस्तक मिटलं आणि दादाला म्हणाली, "त्या मुलाचं हे पत्रच आहे. पत्ता तेवढा नाही." पोरांनी पोरांवर प्रेम करावं की नाही, याच्यावर ती काहीच बोलली नाही. ज्या घरात पाठवायला पत्ता नाही, तिथे मुलगा काय करील, एवढ्याचीच तिला काळजी लागली होती. आमच्यापैकी काहींना या विषयावर जे बोलायला वर्षं लागली, ते घरात त्या दिवसापासून बोलता येऊ लागलं.

आमची मुलं दिवसभर मोबाइलवर एकमेकांना लिहितात. लिहिणं कमी झालं, असं म्हणायला जागा नाही. काकूही म्हणत नाही. ताईच्या मुलाने लग्न ठरल्यावर तिला फोन केला की बायकोला एक खरंखुरं, कागदावरचं पत्र द्यायचंय, काय लिहू? काकूने विचारलं, "सध्या काय वाचतोयस?" तो म्हणाला, वेळच मिळत नाही. तिने सांगितलं, मग आधी वाच, पत्राला घाई नाही.

आमच्या घरात कादंबऱ्यांनी प्रेमाची भाषा शिकवली असं बाहेरचे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ज्यांनी थोड्या वाचल्या, त्यांनी त्यातली वाक्यं उचलली, दादाने सहा पानांत उचलली तशी. काकूने पुष्कळ वाचल्या, आणि कुठली वाक्यं आधीच वापरून झिजली आहेत हे तिला कळत गेलं. ती वगळून जे राहिलं, ते तिने काकांना लिहिलं. म्हणून ट्रंकेतली उरलेली पत्रं छापण्याजोगी नाहीत, जाळण्याजोगी तर नाहीतच. ती आम्ही सगळ्यांनी वाचली आहेत. त्यांत प्रेम हा शब्द एकदाही नाही.

इनलँड पोस्टात अजून अडीच रुपयांना मिळतं. कुणाला लिहायचं असेल तर काकूचा सल्ला फुकट आहे: आधी एक चांगली कादंबरी वाचा, मग लिहा, लिहून झाल्यावर विशेषणं कापा, आणि भेट कुठे, कधी, तेवढं लिहायला विसरू नका.